जंगलाचं कन्व्हेयन्स : सामूहिक वनहक्क म्हणजे नेमकं काय?

उन्हाळा तोंडावर आला की विदर्भातल्या वर्तमानपत्रांत चौकटीतल्या छोट्या जाहिराती दिसू लागतात. अमुक ग्रामसभा, तालुका धानोरा किंवा कोरची किंवा एटापल्ली, जिल्हा गडचिरोली. आमच्या क्षेत्रातला तेंदूपत्ता, म्हणजे विडीचं पान, विकायचा आहे, इच्छुक व्यापाऱ्यांनी अमुक तारखेला लिलावासाठी हजर राहावं. खाली ग्रामसभेचं नाव असतं. वनखात्याचा उल्लेख नसतो.

शहरातला वाचक इथे अडखळतो. जंगल तर सरकारचं. मग शंभर घरांचं गाव त्या जंगलातल्या पानांचा लिलाव कसा करतं? कुणी परवानगी दिली? पैसे कुणाच्या खात्यात जातात? आणि उद्या हेच गाव झाडंही विकायला काढेल का? दरवर्षी ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, शुभेच्छांचा पाऊस पडतो, पण या साध्या प्रश्नांची उत्तरं त्यात सापडत नाहीत. ती इथे देतो.

फ्लॅट आणि सोसायटीची जमीन

पुण्या-ठाण्यात राहणाऱ्यांना हा विषय एका शब्दात कळेल: कन्व्हेयन्स. तुम्ही फ्लॅट विकत घेतला, तीस वर्षं राहिलात, पाण्याच्या टाकीपासून गच्चीपर्यंत सगळं सोसायटीनेच सांभाळलं. पण इमारतीखालची जमीन अजून बिल्डरच्या नावावर. जोवर ती कागदोपत्री सोसायटीकडे येत नाही, तोवर तुम्ही आपल्याच आवारात उपरे. म्हणून राज्याने डीम्ड कन्व्हेयन्सची, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाची, सोय केली. त्यात सोसायटीला नवं काही बहाल होत नाही. जे तिचं असायलाच हवं होतं, त्यावर शिक्का बसतो.

२००६ चा वनहक्क कायदा जंगलाच्या बाबतीत असंच काहीसं करतो. त्याच्या लांबलचक नावातला महत्त्वाचा शब्द आहे ‘मान्यता’. हक्क आधीपासून होता, नोंद नव्हती, ती आता करू, असं सरकार त्यात म्हणतं. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्यांवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाला, अशी कबुली खुद्द कायद्याच्या प्रस्तावनेत आहे. कायद्याच्या भाषेत अशी कबुली फार क्वचित वाचायला मिळते.

या कायद्याखालचे हक्क ढोबळमानाने दोन प्रकारचे. एक वैयक्तिक: कसत असलेल्या वनजमिनीचा, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत. हा झाला फ्लॅट. दुसरा सामूहिक: गावाच्या पारंपरिक हद्दीतलं जंगल वापरण्याचा, राखण्याचा, त्याचं व्यवस्थापन करण्याचा. ही झाली सोसायटीची जमीन, जिना, गच्ची आणि टाकी. बातम्यांत बहुतेक वेळा पहिल्याचीच चर्चा होते. माझ्या मते खरी उलथापालथ दुसऱ्याने केली आहे, म्हणून हा लेख त्याच्याविषयी.

आणखी एक खुलासा आत्ताच करून टाकतो. ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायत नव्हे. पंचायत निवडून दिलेल्यांची असते आणि अनेकदा चार-पाच गावांची मिळून एक असते. या कायद्यातली ग्रामसभा म्हणजे एका गावातली, अगदी एखाद्या पाड्यातलीही, सगळी प्रौढ माणसं.

जंगल सरकारचं झालं कधी?

जंगलावर सरकारी मालकीची पक्की मोहर उठवली ती इंग्रजांच्या १८७८ च्या वनकायद्याने. रेल्वेला स्लीपर हवे होते, जहाजांना लाकूड हवं होतं. गावाने जंगलातून जे आणायचं, ते आता हक्क म्हणून नाही, सवलत म्हणून. १९२७ च्या कायद्याने हीच चौकट घट्ट केली आणि तो कायदा आजही लागू आहे. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या भागात ‘निस्तार’ नावाने काही वापर नोंदवले गेले: सरपण, चराई, औताचं लाकूड. तेही हळूहळू आक्रसत गेले.

लोकांनी हे मुकाट्याने सोसलं नाही. १९३० च्या जंगल सत्याग्रहात पुसदजवळ बापूजी अण्यांनी गवत कापून कायदा मोडला, आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबरला उरणजवळच्या चिरनेरला सत्याग्रहींवर गोळीबार झाला. मिठासाठी झालेला सत्याग्रह आपल्या पाठ्यपुस्तकात ठळक आहे, गवतासाठी झालेला मात्र कोपऱ्यात. इंग्रज गेले, पण जंगलाच्या बाबतीत कारभाराची घडी तीच राहिली.

बांबू हे गवत की झाड?

आता गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात येऊ. गोंड आदिवासींचं, शंभरेक घरांचं गाव. ऐंशीच्या दशकात या भागात मोठ्या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झालं. त्यातून गावात ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचं राज्य, ही गोंडी घोषणा रुजली. मराठीत ती अशी झाली: ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. देवाजी तोफा हे गावातले कार्यकर्ते आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल ही दोन नावं या कामाशी कायमची जोडली गेली आहेत.

मेंढ्याने दोन सवयी लावून घेतल्या. एक, निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सर्वसहमतीने घ्यायचा. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीत. दुसरी, अभ्यासगट. निर्णयाच्या सभेआधी कायदा काय म्हणतो, जंगलात किती काय आहे, हे निवांत बसून समजून घ्यायचं. त्यामुळे वनहक्क कायदा आला तेव्हा मेंढा तयारीत होतं. २००९ मध्ये त्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक.

हक्काचा कागद मिळाला, पण बांबू विकायला काढला तेव्हा गाडं अडलं. वनखात्याचं म्हणणं, बांबू हे झाड आहे आणि झाड विकण्याचा हक्क तुम्हाला नाही. १९२७ च्या कायद्यात बांबूची गणना खरोखरच झाडांत होती. वनस्पतिशास्त्रात बांबू गवताच्या कुळातला, आणि २००६ च्या कायद्याने तर त्याला स्पष्ट शब्दांत ‘गौण वनोपज’ म्हटलेलं. गौण वनोपज म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारं बाकी सगळं: तेंदू, मोह, मध, लाख, डिंक, हिरडा, बांबू. नावात ‘गौण’ असलं तरी जंगलातल्या कुटुंबाच्या हाती पैसा येतो तो मुख्यतः यातूनच.

इथे कळीचा मुद्दा होता वाहतूक परवान्याचा. जंगलातला माल रस्त्यावर आणायचा तर हा परवाना लागतो. तो नसेल तर तुमचाच बांबू चोरीचा ठरतो. परवान्याचं पुस्तक वनखात्याच्या टेबलावर असेपर्यंत गावाच्या हक्काला व्यवहारात किंमत नव्हती. गाडीचं आरसी बुक तुमच्या नावावर, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात, अशी गत. मार्च २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना लिहिलं की बांबू गौण वनोपजच मानावा. २७ एप्रिल २०११ ला ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढे २०१२ च्या सुधारित नियमांत हा परवाना ग्रामसभेनेच द्यायचा, असं लिहिलं गेलं. आज हजाराहून अधिक ग्रामसभांकडे सामूहिक वनहक्क असलेल्या गडचिरोलीत या घटनेचं मोल फार मोठं आहे.

बारभाईंची शेती, काय लागेल हाती?

सामूहिक हक्कावरचा पहिला आक्षेप आपल्या म्हणींतच आहे. सगळ्यांचं ते कुणाचंच नाही. प्रत्येक जण ओरबाडेल, राखणार कुणी नाही. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने हाच विचार सामायिक कुरणाचं उदाहरण देऊन मांडला आणि तो जगभर गाजला.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकी अभ्यासक बाईंनी मात्र कुरणं, मासेमारी, पाटाचं पाणी, जंगलं अशा प्रत्यक्ष जागा तपासल्या. हार्डिनच्या कुरणाला दारच नव्हतं, ते येईल त्याला मोकळं होतं. खरीखुरी सामायिक मालमत्ता तशी नसते. वापरणारे कोण हे ठरलेलं असतं, नियम त्यांनीच केलेले असतात, आळीपाळीने राखण असते, मोडणाऱ्याला दंड असतो. अशा जागा शतकानुशतकं टिकल्याचे दाखले त्यांनी दिले आणि २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. मेंढ्याला हक्काचा कागद मिळाला तेच ते वर्ष.

नळाची उपमा घ्या. रस्त्यावरचा सार्वजनिक नळ गळत राहतो, सोसायटीच्या टाकीचं पाणी मात्र वेळेवर सुटतं आणि वेळेवर बंद होतं. दोन्ही ‘सगळ्यांचे’च. फरक एवढाच की टाकीची जबाबदारी कुणाची हे ठरलेलं आहे. आणि जंगलाचं म्हणाल, तर सरकारी मालकीच्या काळात गावाच्या नजरेत ते रस्त्यावरचा नळ झालं होतं. आपण राखलं तरी कापून दुसराच कुणी नेणार, मग राखायचं कशाला?

हक्क मिळाल्यावर हिशेब कसा बदलतो, हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने दाखवलं. २०१२ मध्ये या गावाला सुमारे हजार हेक्टर जंगलावरचा हक्क मिळाला. तेंदूच्या हंगामात रोख पैसा असतो. पण कोवळी पालवी जास्त फुटावी म्हणून झुडपं छाटली जातात आणि आगही लावली जाते. पाचगावने चर्चा केली आणि तेंदू तोडणंच बंद केलं. कमाई बांबूवर करायची, तीही जंगलाला झेपेल इतकीच. शिवाय जंगलाचा एक भाग अजिबात हात न लावता राखायचा ठरवला. तेंदूची झाडं मोठी होऊ लागली तशी त्यांना टेंभुर्णीची (हे तेंदूचंच दुसरं नाव) गोड फळं धरू लागली, जी आधी मिळेनाशी झाली होती. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या गावाविषयी आवर्जून लिहिलं आहे. हातातला पैसा सोडण्याचा असा निर्णय वरून हुकूम काढून झाला असता, असं मला वाटत नाही.

कायदाही मोकाट सोडत नाही. इमारती लाकूड विकायचा हक्क त्यात नाही. शिकारीचा नाही. मिळालेली जमीन वारसांकडे जाते, पण विकता येत नाही. वन्यजीव, जैवविविधता आणि पाण्याचे स्रोत राखणं हे तर ग्रामसभेचं कर्तव्य म्हणूनच लिहिलेलं आहे.

तेंदूच्या पुड्याचा हिशेब

पुन्हा त्या जाहिरातीकडे येऊ. तेंदूचा हंगाम एप्रिल-मेमधला, जेमतेम काही आठवड्यांचा. पहाटे उठून घरातली सगळी माणसं जंगलात जातात, दुपारी अंगणात बसून पानं जुळवतात. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. व्यापारी देतो त्यात दोन भाग असतात: तोडणाऱ्याची मजुरी आणि रॉयल्टी, म्हणजे मालाच्या मालकाला द्यायची रक्कम. पूर्वी रॉयल्टी सरकारजमा व्हायची आणि त्यातलं काही नंतर बोनस म्हणून तोडणाऱ्यांकडे यायचं. आता जिथे ग्रामसभा स्वतः लिलाव करते, तिथे ती थेट ग्रामसभेच्या खात्यात येते. ती किती वाटायची, विहिरीला किती, जंगल राखणाऱ्यांच्या रोजाला किती, हे गाव ठरवतं.

हे चित्र मी गुळगुळीत करून दाखवणार नाही. तेंदूचे भाव वर्षागणिक खाली-वर होतात. व्यापारी आपसांत ठरवून बोली पाडतात. ठेकेदारांनी ग्रामसभांची रॉयल्टी थकवल्याच्या बातम्या गडचिरोलीतून वारंवार येतात, आणि लहान गावाला त्या पैशांसाठी कोर्टकचेरी परवडत नाही. त्यावर एक उत्तर कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी काढलं. त्यांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली. एकट्या दुकट्या गावाला व्यापारी वाकवतो, अनेक गावांना एकदम वाकवणं जड जातं. हिशेब लिहायला येणारी पोरं-पोरी गावात असणं हीदेखील आता जंगलाइतकीच महत्त्वाची गोष्ट झाली आहे.

“ही अतिक्रमणाला मुभा नाही का?”

हा प्रश्न वैयक्तिक हक्कांबाबत विचारला जातो, म्हणून त्याचं उत्तर थोडक्यात. १३ डिसेंबर २००५ नंतर जंगलात घुसलेल्याला या कायद्याने काहीही मिळत नाही. आदिवासी नसलेल्याला तर त्याआधीचं तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं, वास्तव्य दाखवावं लागतं. दावा ग्रामसभा, उपविभाग आणि जिल्हा अशा तीन चाळण्यांतून जातो. खोटे दावे झालेच नाहीत असं नाही. पण फेटाळलेला प्रत्येक दावा खोटा असतो असंही नाही. पुष्कळ दावे कागद अपुरे म्हणून, कारण न कळवताच फेटाळले गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना बाहेर काढण्याचा आदेश दिला आणि पंधरवड्यात त्याला स्वतःच स्थगिती दिली, ती याच शंकेमुळे: फेटाळताना रीतसर प्रक्रिया झाली होती का?

गावाने नको म्हटलं तर?

सगळ्यात मोठा वाद इथे आहे. जंगलाखाली खनिज असेल तर गावाचा शब्द चालतो का?

ओडिशातल्या नियामगिरीच्या डोंगरावर बॉक्साइट आहे, आणि डोंगरिया कोंध आदिवासींच्या लेखी तो नियामराजाचा, त्यांच्या देवाचा डोंगर आहे. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खाणीने लोकांच्या धार्मिक आणि सामूहिक हक्कांना बाधा येते का, हे ग्रामसभांनी ठरवावं. बारा ग्रामसभा झाल्या. बाराही ठिकाणी खाणीला नकार मिळाला आणि खाण झाली नाही.

पण नियामगिरी हा अपवादच राहिला. वनजमीन खाणीसारख्या दुसऱ्या कामाकडे वळवण्याआधी ग्रामसभेची संमती घ्यावी, असं केंद्राने २००९ मध्ये परिपत्रक काढून सांगितलं होतं. २०२२ च्या वनसंरक्षण नियमांनी क्रम फिरवला: केंद्राची मंजुरी आधी मिळू शकते, वनहक्कांची पूर्तता झाली का हे राज्याने मागाहून पाहायचं. बिल्डरला आधी परवानगी द्यायची आणि मग सोसायटीला विचारायचं, तुमची हरकत आहे का? तोवर जेसीबी दारात उभा असतो. विकासाला विरोध करू नये, असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारेन की आपल्या इमारतीच्या पुनर्विकासात सभा, ठराव आणि सह्या लागतात, तेव्हा आपण त्याला विकासविरोध म्हणतो का?

आंतरराष्ट्रीय पातळीवरही याला आधार आहे. १३ सप्टेंबर २००७ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. १४४ देश बाजूने होते, त्यांत भारतही होता. गावाला पुरेशी माहिती देऊन, दबाव न आणता, आधी संमती घ्यावी, हे त्यातलं मुख्य तत्त्व. मात्र आपले सगळेच नागरिक मूलनिवासी आहेत, अशी भारत सरकारची भूमिका असल्याने हा जाहीरनामा इथल्या आदिवासींच्या कामी फारसा येत नाही. त्यांची भिस्त देशातल्या कायद्यांवरच.

पानाबरोबर पानाची माहितीही

वनहक्क कायद्यात एक फारसं न वाचलं जाणारं कलम आहे. जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावरही समाजाचा सामूहिक हक्क आहे, असं ते म्हणतं. म्हणजे काय, ते दोन गोष्टींतून कळेल.

पहिली आपल्याला ठाऊक आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरून काढण्यावर पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. हे जमलं, कारण हळदीचे गुण ग्रंथांत छापलेले होते. कोरकू किंवा गोंड वैदूला माहीत असलेली मुळी कुठल्या ग्रंथात असते?

दुसरी गोष्ट केरळातली. १९८७ मध्ये अगस्त्य डोंगररांगेत फिरणाऱ्या शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की सोबतचे काणी आदिवासी वाटाडे एक फळ खातात आणि थकत नाहीत. ती वनस्पती आरोग्यपच्चा. तिच्यापासून ‘जीवनी’ नावाचं औषध तयार झालं. ते बनवण्याचा परवाना १९९५ मध्ये दहा लाख रुपये आणि विक्रीवर दोन टक्के रॉयल्टी या बोलीवर एका औषध कंपनीला दिला गेला. त्यातला निम्मा वाटा काणी समाजाला द्यायचं ठरलं, त्यासाठी विश्वस्त संस्था काढली. जगात अशी वाटणी तोवर क्वचितच झाली होती. पण लगेच दोन अडचणी उभ्या राहिल्या. सांगितलं दोघा-तिघांनी, ज्ञान मात्र सगळ्या काणींचं. मग बोलायचं कुणाशी? आणि ज्यांच्या माहितीतून औषध झालं, त्यांनाच त्या वनस्पतीची पानं राखीव जंगलातून काढायला वनखात्याची हरकत. ज्ञानाचा वाटा मिळाला, पण जंगलाचा हक्क नव्हता.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितलं, आणि अशा ज्ञानावर नफा कमावणाऱ्याने समाजाला वाटा द्यावा असा नियम केला. २०२३ च्या दुरुस्तीने आयुष, म्हणजे आयुर्वेदासारख्या पद्धतींचे चिकित्सक आणि ग्रंथबद्ध ज्ञान यांना या वाटणीतून बऱ्याच अंशी सूट दिली. मला ही दुरुस्ती खटकते. तोंडी ज्ञान एकदा कुणी पुस्तकात उतरवलं की ते ग्रंथबद्ध झालं, असं उद्या कुणी म्हणेल, तेव्हा गावाने काय करायचं?

वनहक्काच्या दाव्याचे नियम याबाबत अधिक शहाणे आहेत. कागदी पुरावा नसेल तर गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाब पुरावा म्हणून चालतो. देवस्थानं, जुन्या विहिरी, दफनभूमी चालतात. म्हणून सामूहिक दावा करताना गाव एखाद्या आजोबांना पुढे घालून हद्दीने फिरतं. या नाल्याचं नाव काय, ही टेकडी कुणाची, शेजारच्या गावाची गुरं कुठपर्यंत यायची, मोहाची जुनी झाडं कुठल्या बाजूला. एखादं पोरगं मागून मोबाइलवर जीपीएसचे बिंदू घेत चालतं, आणि संध्याकाळी समाजमंदिरात नकाशा जमिनीवर पसरला की आजीबाई पुढे सरकून सांगतात की नाल्याचं वळण चुकलंय, तिथे आमची चारोळी आहे.